पालथी झोप

बुरुलचाच्या घरात पालथे झोपण्याची मुभा कुणालाही नव्हती. मांजर चुलीपाशी पोट टेकून पसरले, तर तिचा धाकटा मुलगा कुबात त्याच्या कानाशी लागून म्हणे, "ऊठ रे बाबा, आपा येतेय." आपा, म्हणजे आई, आली की सारे घर असेच सावरून बसत असे. सामूहिक शेतीच्या काळात तिने मेंढवाड्यावरच्या बायकांची टोळी चालवली होती. पुढे तो काळ गेला, मेंढवाडे ओस पडले, नवरा गेला, थोरली मुले परमुलुखात पोटामागे पांगली. आवाजातला मुकादम मात्र जागचा हलला नाही. बाजारात एखाद्याने तराजूचा काटा दाबला, तर ती त्याच्याकडे नुसती बघे. तेवढे पुरत असे.

पालथ्या झोपेचा नियम तिने केलेला नव्हता. "पालथा निजे, तो आईचं आयुष्य खाई," असे तिची आई म्हणे, आणि आईची आईही म्हणत असे. कुबात लहानपणी नेमका तसाच झोपायचा: गाल हातावर, ढुंगण वर, तोंड उघडे. बुरुलचा केरसुणीच्या दांड्याने त्याला टोची आणि सुलटा करी. तो चार वर्षांचा असताना तिला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे लागले. परत आली तेव्हा शेजारणीने सांगितले की पोर आडवेच होत नव्हते. भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, मी झोपलो तर आपा मरेल. ही हकीकत बुरुलचाने पुढे कितीतरी लग्नांत, जेवणाच्या पंगतीत, अभिमानाने सांगितली. असा मुलगा असावा, म्हणून. तेव्हापासून कुबात उताणा झोपे, हात छातीवर घेऊन, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा.

साथ आली त्या वर्षीच्या जुलैत जर्दाळू असे लगडले, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि उतरवायला माणूस नव्हते. घराघरांत ताप होता, खोकला होता, आणि सरोवराकडून येणाऱ्या रस्त्यावर रोज नवी कबर खणायला माणसे जात होती. जिल्ह्याच्या इस्पितळात खाट मिळेना. तेव्हा गावाने शाळेतली बाके अंगणात काढली आणि वर्गांत खाटा मांडल्या. परदेशी मजुरीला गेलेल्या पोरांनी वर्गणी काढून ऑक्सिजनची यंत्रे धाडली. राजधानीतून तालाय नावाचा एक तरुण डॉक्टर आला. अंगभर पांढरा पोशाख, छातीवर खडूने नाव लिहावे तसे काळ्या शाईने लिहिलेले, कारण त्या पोशाखात कोण कोण आहे ते कुणालाच ओळखू येत नसे.

कुबात सरोवराकाठच्या रस्त्यावर प्रवाशांची गाडी चालवी. त्यालाही तापाने धरले, आणि शाळेत हलवले तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. फाटकाशी थांबून, दम खात म्हणाला, "ज्या वर्गात नापास झालो, आपा, त्याच वर्गात पुन्हा बसवताहेत."

"या खेपेला पास होऊनच बाहेर ये," बुरुलचा म्हणाली. याहून मऊ बोलणे तिला जमत नसे.

त्याची बायको जीदेगुल रोज रस्सा घेऊन शाळेच्या खिडकीशी जाई, आणि परत येऊन सासूला चहा देई. या मुलुखात पेला निम्माच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुन्हा मागता येते आणि ओतणारीला पुन्हा मान देता येतो. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच: आता निघा. एके दिवशी जीदेगुलने सासूसमोर काठोकाठ भरलेला पेला ठेवला.

बुरुलचाने पेल्याकडे पाहिले, मग सुनेकडे. "मला घराबाहेर काढतेस का गं?"

जीदेगुल पांढरीफटक पडली. "चुकले, आपा. माझं लक्ष..."

"इतक्या वर्षांत तुझ्या हातून चहा चुकला नाही. बस. बोल."

सून सासूपुढे मान वर करून बोलत नाही. जीदेगुल जाजमावरच्या नक्षीशीच बोलली. "डॉक्टर म्हणतात, यांना पोटावर झोपायला हवं. दिवसातला निम्मा वेळ तरी. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो म्हणे. उताणं झोपलं की तो दबतो, हवा तिथवर पोचतच नाही. पालथं झालं की मोकळा होतो. वर्गातले बाकीचे सगळे तसे झोपतात. बोटाला चिमटी लावलेली असते ना, तिच्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चढतो, मी डोळ्यांनी बघितलाय. हे मात्र झोपत नाहीत. डॉक्टरांनी पालथं केलं की त्यांची पाठ वळेपर्यंत गप्प राहतात. मग पुन्हा उताणे."

"का?"

जीदेगुलने पेला उचलायला हात पुढे केला.

"मी विचारलं, का?"

"तुम्हाला ठाऊक आहे, आपा."

चहा तसाच निवत राहिला. बुरुलचाला ठाऊक होते. कुणालाच ठाऊक नव्हते तेही तिला ठाऊक होते. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, गवताच्या गंजीवर ती पालथी पडून राही. गवत उन्हाने तापलेले असे, आणि पोटाला त्याची ऊब लागे. आई खालून ओरडे, "ऊठ कार्टे, मला खातेस का?" आणि हसे. त्या शरदात आई गेली. कुणी बुरुलचाला शब्दाने बोलले नाही. तिनेच स्वतःला बोलून घेतले, आणि म्हातारी झाली तरी ते बोलणे संपले नव्हते. असे काही छातीवर घेऊन माणूस कसा जगतो, हे तिच्याइतके नीट कुणाला माहीत असणार?

तिने डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधला आणि काठी घेतली. "मुलींनाही घे," ती सुनेला म्हणाली. "बापाला बघू दे त्यांना."

कुबातची खाट खिडकीलगत होती. काचेपलीकडे त्याचा चेहरा दिसला, आणि बुरुलचाने काठीवरची मूठ आवळली. ओठ तुती खाल्ल्यासारखे जांभळे झाले होते. नाकात नळ्या होत्या. खिडकीची वरची झडप उघडी होती, तेवढ्यातून बोलणे ऐकू येई.

"पालथा हो," ती म्हणाली.

"आपा... उन्हात कशाला आलीस?"

"मी विचारलं नाही, सांगितलं. पालथा हो."

"उद्या होतो."

"उद्या कुणी बघितलाय? ऐक. ती म्हण खोटी आहे. पोरं अंथरुणात लाळ गाळतात म्हणून बायकांनी काढलेली."

कुबात हसला, आणि हसण्याने त्याला खोकला आला. खोकला ओसरायला बराच वेळ लागला. "म्हणजे दांडके... फुकटच खाल्ले मी?"

"फुकटच."

"तुला खोटं बोलता येत नाही, आपा. कधी सरावच केला नाहीस."

कुबातच्या मागून तालाय डॉक्टर खिडकीशी आला. "आजी, आता तुम्हीच बघा याच्याकडे. आम्ही याला उलटा करतो, हा गोड बोलून पुन्हा सुलटा होतो. असाच राहिला तर मला याला शहरात पाठवावं लागेल, आणि शहरात जागा नाही." मुखपट्टीच्या वर त्याचे डोळे झोपेवाचून लाल झाले होते. तो धमकी देत नव्हता. होते तेवढेच सांगत होता.

बुरुलचाला आयुष्यात प्रथमच पुढचा हुकूम सुचेना. तेवढ्यात तिच्या मागे काहीतरी झटकल्याचा आवाज झाला. जीदेगुलने अंगणातल्या जर्दाळूखाली गोधडी अंथरली होती.

"मुलींनो, इकडे या. पालथ्या झोपा."

थोरली सेझिम आजीकडे बघत राहिली. "मोठी आपा मारेल."

"झोपा म्हणते ना!"

दोघी खुदखुदत पालथ्या पडल्या; धाकटीने गवताची काडी तोडून मुंगीची वाट अडवायला सुरुवातही केली. जीदेगुल उठली, खिडकीसमोर आली, आणि सासूच्या देखत, मान वर करून, मोठ्याने बोलली.

"बघा इकडे! माझ्या मुली पालथ्या झोपल्यात. खातील तर माझं आयुष्य खातील. खाऊ देत. मी इथे उभी आहे. तुमची आई तेवढी आई, आणि मी कोण? आईला वाचवायला तुम्ही मरणार, मग या दोघींनी कुणाला बाबा म्हणायचं, झाडाला?"

एरवी अशा आवाजाला बुरुलचाने काय उत्तर दिले असते, ते गावाला माहीत होते. पण तिची नजर सुनेच्या ओठांवर गेली. बोलणे संपले होते, तरी ते देवाचे नाव पुटपुटत होते. ही बाई म्हण खोटी मानत नव्हती. ती मानत होती, आणि तरी मुलींना झोपवून उभी होती. बुरुलचाने आजवर तिला कामसू म्हटले होते, मुकी म्हटले होते. आज तिला त्या मुक्या बाईपुढे आपली सगळी मुकादमी पोकळ वाटली.

तिने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही तळवे आकाशाकडे उघडले.

"कुबात. दुवा घे."

आईने उघडलेल्या तळव्यांपुढे हात मागे घेणारा माणूस त्या मुलुखात जन्मत नाही. कुबातचे हात आपोआप वर आले. एका बोटाला ती चिमटी लटकत होती.

"दूध पाजताना मी मोजलं नव्हतं," बुरुलचा म्हणाली. "आयुष्यही मोजत नाही. खा. तू चोरून खात नाहीस, मी माझ्या हाताने वाढतेय. पोटभर खा आणि ऊठ. आमीन."

तिने तळवे तोंडावरून फिरवले. कुबातच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, पण त्यानेही तळवे तोंडावरून फिरवले, आणि मग परतीची वाट उरली नाही. डॉक्टरने छातीखाली एक उशी दिली, कमरेखाली एक. कुबात पालथा झाला. त्याचे तोंड खिडकीकडे होते. बराच वेळ तो डोळे उघडे ठेवून आईकडेच बघत राहिला, ती अजून उभी आहे की नाही हे पाहत.

ती उभी होती. चिमटीवरचा आकडा वर सरकेपर्यंत उभी राहिली.

कुबात सावरत गेला. आधी ओठांचा रंग परतला, मग विनोद. वर्गात आपण सगळ्यांत चांगले लोळतो, याबद्दल डॉक्टर आपल्याला पदक देणार आहेत, असा निरोप त्याने घरी धाडला. तो घरी यायच्या आदल्या दिवशी बुरुलचा छपरावर जर्दाळू वाळत घालत होती. एकाएकी तिला ऊन थंड लागले.

मरणाचे भय तिला वाटले नाही. कफनाचे कापड तिने केव्हाच पेटीत घडी करून ठेवले होते. पण शिडीवरून उतरताना एकच विचार तिच्या मनात आला, आणि तो विचार तापापेक्षा वाईट होता. आत्ता नाही. आत्ता मी गेले, तर पोर म्हणेल, मी खाल्ली.

ती स्वतःहून शाळेत गेली. बायकांच्या वर्गात तिने स्वतःहून पालथे पडून दाखवले. जिच्या मानेचा मागचा भाग सुनेनेही कधी पाहिला नव्हता, ती बुरुलचा रुमाल सैल करून, गुडघे दुखत असता, परक्या माणसांत पोटावर पडून राहिली. जेवणापुरती उठे, की पुन्हा पालथी.

"आजी, वर्गात तुमचा पहिला नंबर," तालाय म्हणाला.

"नेहमीच होता. याच शाळेत. विचार कुणालाही." मग श्वास जुळवून, "पण विचारायला आता उरलंय कोण?"

तिच्या चिमटीवरचा आकडा मात्र चढला नाही. थोडा थांबला, मग उतरू लागला. सकाळपासून डॉक्टर शहरात फोन लावत होता, हे तिला भिंतीआडून ऐकू आले होते. तो आत आला, तेव्हा तिने त्याला बोलूच दिले नाही.

"गोड बोलू नकोस. पालथं पडून भागेल का?"

"नाही, आजी. मोठं यंत्र हवं. ते मिळत नाहीये." त्याने हातातला फोन खाली ठेवला. "थोडा वेळ मिळेल, इतकंच."

"तेवढा लागेलच मला. माझी सून खिडकीशी आली की सांग."

जीदेगुल आली. "कुबात झोपतो का?" हा बुरुलचाचा पहिला प्रश्न होता.

जीदेगुलने मान खाली घातली. मग, त्या दिवसासारखीच, वर केली. "नाही, आपा. तुम्ही इथे आल्यापासून आडवे झालेच नाहीत. भिंतीला टेकून बसतात. म्हणतात, मी पालथा झोपलो म्हणून आपाला तापाने धरलं."

चार वर्षांचे ते पोर भिंतीला टेकून बसले होते, आणि आपण ते पंगतीत अभिमानाने सांगत फिरलो. बुरुलचाने डोळे मिटले. ज्या ओझ्याखाली आपली पाठ वाकली, तेच आपण केरसुणीच्या दांड्याने लेकराच्या पाठीवर चढवले. हे ती कुणाला म्हणाली नाही. एवढेच म्हणाली, "त्याला आण. गोधडीही आण."

कुबात आला तो मुलीच्या खांद्याचा आधार घेत. कपडे अंगावर लोंबत होते. आई जशी उभी राहिली होती तसाच तो बायकांच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहिला.

"आपा, दुवा परत घे."

"दिलेला दुवा परत घेतात का? उसनं पीठ आहे ते?"

"मी उताणा झोपेन. बसून राहीन. तू फक्त ऊठ."

"झोप," बुरुलचा म्हणाली. "तिथे, झाडाखाली. पालथा."

"आपा..."

"वाद घालण्याइतकी हवा नाही माझ्याकडे." ती थांबली, हवा गोळा केली. "लहानपणी झोपायचास, तसा झोप. तेव्हा मी बघितलं नाही. नुसतं टोचलं. आता बघायचंय."

त्याच्याने नाही म्हणवले नाही. तो गोधडीवर गेला, गुडघ्यांवर आला, आणि पालथा झाला. गाल हातावर, तोंड खिडकीकडे. आईकडे बघत राहायचे त्याने ठरवले असावे. पण कित्येक दिवस न झोपलेले शरीर ते. पापण्या मिटल्या. तोंड उघडे पडले. पाठ संथ वर-खाली होऊ लागली.

मेंढवाड्यावर बुरुलचा नव्या बायकांना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवी. मेंढी व्याली आणि मरायला टेकली, तरी कोकरू पायांवर उभे राहीपर्यंत तिला आडवी पडू द्यायची नाही. खांदा लावायचा, मानेला धरायचे, शिव्या घालायच्या, पण उभी ठेवायची. कोकराने एकदा आईला उभी पाहिले पाहिजे. आज ती स्वतःलाच खांदा लावून होती. एक श्वास. त्याच्या पाठीकडे बघून दुसरा. एखादे पिकले जर्दाळू गवतावर पडे, आणि तिला वाटे, आता जागा होईल. तो होत नसे. किती शांत झोपत होते हे पोर, आणि आपण किती वेळा ते मोडले.

सावली सरकली, कुबातच्या तोंडावर ऊन आले. जीदेगुल त्याला उठवायला वाकली. बुरुलचाने बोटाच्या पेराने काच वाजवली. नको. जीदेगुल मग पदर पसरून उन्हाच्या आड उभी राहिली.

तो आपणहून जागा झाला. गालावर गोधडीचे टाके उमटले होते. डोळे उघडताच त्याने खिडकीकडे पाहिले, तेही धडपडत, भेदरून. बुरुलचाने हात वर केला.

"आहेस?" तो ओरडला.

"दिसत नाही का? पोटभर झोपलास. आणि मी आहे." तिला आणखी बोलायचे होते, पण तेवढ्यानेच चिमटीचे यंत्र किरकिर करू लागले. ती हसली. मुलाने आईला हसताना पाहणे दुर्मीळच होते. "जा. घरी जा. रस्सा खा. आता कुणाला खायचं असेल, तर मेंढीला खा."

कुबात हसला; डोळे पुसत हसला. सेझिमचा हात धरून तो फाटकाकडे चालू लागला, आणि दर चार पावलांनी वळून पाहत राहिला. दर वेळी तिचा हात वर होता. फाटक लागल्यावर तो हात खाटेवर पडला.

"तालाय," ती म्हणाली. डॉक्टरला तिने प्रथमच नावाने हाक मारली. "मला उताणी कर."

"आजी, उताणं केलं तर..."

"कळतं मला. आमच्यात माणूस वर तोंड करून जातं. जमिनीकडे तोंड करून मी कधी कुणासमोर उभी राहिले नाही, जाणारही नाही. आणि सुनेला आत घे. तुझा तो पांढरा झगा घाल तिला."

जीदेगुल आत आली. झग्यात ती कुणीही असू शकली असती. बुरुलचाने तिला चालीवरून ओळखले. दोघांनी मिळून तिला वळवले. वर वर्गाचे छत होते, पिवळे, ओल आलेले; या छताखाली ती अक्षरे शिकली होती.

"नीट ऐक," बुरुलचा म्हणाली. एकेक शब्द ती आता लांबून उचलून आणत होती. "तो विचारेल, आपा कशी गेली. सांग, पालथी होती तोवर जिवंत होती. तुमच्या डोळ्यांनी बघितलीत. उताणी झाली, आणि गेली. हे खोटं नाही. मला खोटं येत नाही."

"हो, आपा."

"त्याला रोज पालथा झोपव. मुलींना कशाही झोपू दे."

"हो, आपा."

"तू..." बुरुलचा थांबली. सुनेला चांगले म्हणायची तिला सवय नव्हती, आणि आता सवय करायला वेळ नव्हता. "चहा आणलास का?"

थर्मासमध्ये चहा होता. जीदेगुलने पेल्यात ओतला, आणि इतक्या वर्षांच्या वळणाने तिचा हात निम्म्यावर थांबला.

"भर," बुरुलचा म्हणाली.

जीदेगुलने तिच्याकडे पाहिले. झग्याबरोबर दिलेल्या चष्म्याच्या काचेमागे तिचे डोळे भरून आले होते, पण हात हलेना.

"काठोकाठ भर गं," सासू म्हणाली. आवाज हुकमाचा होता, पण त्यात आजवर कधी नव्हते असे काहीतरी होते. "या खेपेला चूक नाही ती."

जीदेगुलने पेला काठोकाठ भरला.